नेगेवच्या उखळात फटफटी



दिमोना, येरुहाम, बेरशेबा इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना वाळवंटाची ओळख करून द्यायला नको. खिडकी उघडली की वाळवंट, गॅलरी पुसली की फडक्यावर वाळवंट. पण खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांनी ते बसच्या काचेतूनच पाहिलेलं आहे. लोद, रामले, अशदोदच्या मंडळींनी तर तेवढंही नाही. एलातला जाताना डुलकी काढायची आणि डोळे उघडले की समुद्र, असा आपला रिवाज. यंदा पुरीम झाल्यावर आम्ही मकतेश रामोनमध्ये तीन दिवस काढले, तेही एका लहान फटफटीच्या मागे मागे. आम्ही म्हणजे आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी, जीप चालवायला जावई, आणि फटफटीवर आमची नात. त्या प्रवासाची हकीकत आणि त्याआधीच्या तयारीची माहिती इथे देत आहोत. घरोघरी नातवंडं मोठी झाली आहेत, कोणाच्या ना कोणाच्या घरात हा विषय निघणारच!

आधी जागेविषयी. मकतेश म्हणजे उखळ. आपल्या आज्या कांडायच्या तेच. नेगेवमध्ये अशी तीन मोठी उखळं आहेत: मकतेश गादोल, मकतेश कातान आणि सर्वांत मोठं रामोन. रामोनची लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी २ ते १० किलोमीटर आणि खोली ५०० मीटरपर्यंत. पुष्कळांना वाटतं की इथे आकाशातून दगड पडला किंवा ज्वालामुखी फुटला. तसं नाही. वर चुनखडीचा कठीण थर, खाली मऊ वालुकाश्म. वरचा थर झिजून फुटला तेव्हा पाण्याने खालची मऊ वाळू उपसून नेली आणि काठ उभेच राहिले. एवढ्या मोठ्या खळग्यातलं पाणी एकाच वादीने बाहेर जातं. आत काही ठिकाणी काळ्या बसाल्टच्या टेकड्या आहेत. ह्यांनी त्यातला एक दगड हातात घेऊन सांगितलं, "हा तर आपल्या सह्याद्रीचा भाऊ!" खरंच, कोकणात जाताना घाटात दिसतो तोच काळा कातळ.

आता फटफटीविषयी. आमची नात सैन्यात खोवेशेत, म्हणजे प्रथमोपचार करणारी, होती. ऑक्टोबर २०२३ नंतर तिला मिलुईमसाठी पुन्हा पुन्हा बोलावणं आलं. शेवटच्या खेपेनंतर ती घरी आली ती गप्पच. जेवायची, झोपायची, विचारलं की "बेसेदेर, सवता" म्हणायची. आणि एक दिवस तिने जुनी २५० सीसीची होंडा विकत आणून बिल्डिंगच्या खाली लावली. म्हणाली, मला मिदबारमध्ये जायचं आहे. डांबरी रस्त्याने नाही, आतून.

लेकीने रडारड केली. आमचं म्हणाल तर आम्ही चाळीस वर्षं इस्पितळात नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. मोटरसायकलवाले कुठल्या अवस्थेत येतात ते आम्हांला कोणी सांगायला नको. पण गप्प बसलेली माणसंसुद्धा आम्ही तिथेच पाहिली. तेव्हा लेकीला म्हटलं, पोर जायचीच आहे. आपण नाही म्हटलं तर एकटी जाईल, हो म्हटलं तर नीट तयारी करून जाईल. ह्यांनी मुंबईला परळच्या गिरणीत फिटरचं काम शिकलेलं आणि इथे येऊन दिमोनातही तेच केलेलं. त्यांनी काही न बोलता पान्यांची पेटी माळ्यावरून खाली काढली.

पुढचे दोन महिने आजोबा आणि नात बिल्डिंगच्या खाली. चहा आम्ही खाली नेऊन द्यायचा, जेवायला दहा हाका मारायच्या. काय काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट उंची. ह्या गाडीची सीट जमिनीपासून ८७५ मिलिमीटर. आपल्या कोकणी उंचीला ती जास्तच. गाडी खाली आणायची सोय असते, मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलतात. पण गाडी खाली आली की इंजिन दगडाला लागायची भीती वाढते आणि बाजूचा स्टँडही कापून आखूड करावा लागतो. म्हणून ह्यांनी लिंकला हात न लावता सीटचा फोम थोडा तासला आणि नातीने जाड तळाचे बूट घेतले. थांबताना दोन्ही पाय टेकायचा हट्ट न धरता एका बाजूला सरकून एकच पाय टेकायचा, याची तिने मैदानात रोज सवय केली.

दुसरी गोष्ट टायर. रस्त्याचे गुळगुळीत टायर रेतीत घसरतात. त्यामुळे मोठ्या गुठळ्यांचे टायर आणि आत जाड ट्यूब घातल्या. डांबरावर हवा २२ पौंडांच्या आसपास ठेवायची, खडी-मातीत उतरलं की १५ पर्यंत कमी करायची. टायर पसरतो आणि पकड येते. त्याहून कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते, रिमही वाकते. परत डांबरावर आलं की हवा भरून घ्यायची, म्हणून छोटा पंप जवळ पाहिजेच.

तिसरी गोष्ट इंजिनाचं रक्षण. इंजिनाच्या खाली अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट बसवली, कारण एक टोकदार दगड लागला आणि तेल सांडलं तर तिथेच मुक्काम. रेडिएटरला जाळी लावली. हँडलच्या दोन्ही टोकांना हाताचे गार्ड लावले. गाडी पडते तेव्हा आधी क्लच आणि ब्रेकचे लिव्हर मोडतात. ह्यांनी एक युक्ती केली. लिव्हरच्या पकडीखाली नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफलॉनची पट्टी गुंडाळली आणि स्क्रू अगदी करकचून आवळले नाहीत. पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. तरीही जादा लिव्हर पिशवीत ठेवलेच.

चौथी गोष्ट गिअर. कंपनीकडून पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात येतात, ह्यांनी १३ दातांचं बसवलं. एका दाताने काय होतं असं वाटेल, पण चढावावर हळू चालताना इंजिन गुदमरत नाही. हमरस्त्यावर मात्र वेग थोडा कमी होतो. तो आम्हांला कमीच हवा होता!

पाचवी गोष्ट धूळ. नेगेवची धूळ पिठीसारखी असते. हवेचा फिल्टर स्पंजचा घातला, त्याला तेल लावलं आणि रोज संध्याकाळी धुऊन पुन्हा तेल. चेनला मात्र ओलं, चिकट तेल लावायचं नाही. त्यावर रेती बसते आणि चेन कानशीसारखी दात खाते. कोरडं वंगण लावायचं. यावर हे आणि नात यांच्यात अर्धा दिवस वाद चालला. शेवटी हे म्हणाले, "आम्ही शनिवार तेली. कुठे तेल घालायचं आणि कुठे नाही, ते आम्हांला विचारा." पुष्कळ महिन्यांनी पोर खो-खो हसली. तिला शनिवार तेली म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. मग आलिबाग, रेवदंडा, नवगाव, घाणे, बैल, शनिवारी बंद असलेला घाणा, सगळं बिल्डिंगच्या खाली बसून सांगून झालं.

सहावी गोष्ट सामान. लोखंडी पेट्या लावायच्या नाहीत, पडल्यावर पाय त्यांच्याखाली अडकतो. कापडी झोळ्या मागे दोन्ही बाजूंना बांधल्या, आणि जड वस्तू खाली व पुढे. टाकी पावणेआठ लिटरच्या आसपास, म्हणजे डांबरावर दोनशे किलोमीटर जाईल, रेतीत त्याहून बरंच कमी. म्हणून तीन लिटर पेट्रोल जादा घेतलं.

एवढं झाल्यावर आमची पाळी. फटफटी सजली, आता माणूस सजवायचा. हेल्मेट, गॉगल, छाती-पाठीचं चिलखत, कोपर आणि गुडघ्यांच्या वाट्या, हातमोजे, आणि घोट्याच्या बऱ्याच वरपर्यंत येणारे कडक बूट. बुटांवर पैसे वाचवू नका असं आमचं कळकळीचं सांगणं आहे. लहान गाडी असली तरी तिचं वजन १४० किलोच्या वर असतं आणि ती घोट्यावरच पडते.

प्रथमोपचाराच्या पिशवीत आम्ही हे ठेवलं: दाबून बांधायचं बँडेज, टूर्निके, वाकवता येणारी स्प्लिंट, दोन त्रिकोणी कापडं, जखम धुवायला सलाइन, चिमटा, आणि साखर-मिठाच्या पुड्या. एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण तोंडपाठ करा. फटफटीवर वारा लागत असतो, घाम तिथल्या तिथे सुकतो आणि तहान कळत नाही. उन्हाळ्यात कष्ट असतील तर तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. डोकं दुखणं, लघवी गडद होणं, ही पहिली सूचना. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात समजायचा. सावलीत न्या, कपडे सैल करा, पाणी ओता, वारा घाला आणि १०१ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पडलेल्या माणसाचं हेल्मेट उगाच ओढून काढू नये. श्वास नीट चालू असेल तर मान न हलवता मदतीची वाट पाहायची. श्वास अडला किंवा उलटी होत असेल तरच काढायचं, तेही दोघांनी मिळून, एकाने मान धरून. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अवयव हलू न देता सरळ इस्पितळ. आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, पिवळ्या विंचवाला बूट फार आवडतात.

अशी सगळी तयारी करून एका रविवारी पहाटे निघालो. दिमोनाहून येरुहाम, तिथून २०४ नंबरच्या रस्त्याने स्दे बोकेरजवळ ४० नंबरला लागलो. बेन-गुरियन यांची समाधी जिथे आहे तिथे चहाला थांबलो. समोर नाखल त्सिनचा पांढरा विस्तार पसरलेला. १९७३ मध्ये त्यांना इथे दफन केलं. ज्या माणसाने आपल्याला नेगेव वसवायला सांगितलं, तो स्वतः नेगेवमध्येच येऊन राहिला हे विशेष. पुढे अवदात. नबाती व्यापारी पेत्राहून ऊद, गंधरस आणि मसाले उंटांवर लादून गाझ्याच्या बंदराला नेत, त्या वाटेवरचं हे शहर. अवदात, ममशीत, खालुत्सा, शिव्ता ही चार शहरं २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. ममशीत तर आपल्या दिमोनाच्या दारात आहे, किती जणांनी पाहिलं?

मित्स्पे रामोनला काठावर उभं राहिलं की बोलणं आपोआप बंद होतं. मागे गल्लीत रानबोकड खुशाल बागेतली पानं खात फिरतात आणि पुढे पाय ठेवला की जमीन संपलेली. वळणावळणाच्या घाटाने खाली उतरलो, डावीकडे कच्च्या रस्त्याला लागून बेएरोतच्या तळावर तंबू ठोकले. तिथून फटफटीची खरी सुरुवात झाली.

मकतेशच्या तळावरच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत. दगडावर तीन पट्ट्या, दोन पांढऱ्या आणि मध्ये एक रंगीत. रंग पाहून नकाशाशी ताडायचं. रामोन हे राखीव क्षेत्र आहे, खुणेच्या वाटेबाहेर चाक घालायचं नाही. यामागे कारण आहे. वाळवंटाच्या मातीवर सूक्ष्म जीवांची पातळ साय असते, तीच माती धरून ठेवते. एकदा चाकाने फोडली की वर्षानुवर्षं चरा राहतो. शिवाय नेगेवचा बराच भाग लष्कराच्या सरावाचा आहे, तिथे आधी परवानगी लागते. अंधार पडायच्या आत तळावर परत यायचं, हाही नियम.

नात पुढे, आम्ही जीपमध्ये मागे, धूळ बसेल इतकं अंतर ठेवून. खडीच्या वाटेवर ती पायांवर उभी राहून चालवत होती. गुडघे किंचित वाकलेले, नजर चाकासमोर न ठेवता लांब. रेती लागली की वजन मागे, गती एकसारखी आणि पुढच्या ब्रेकला हात नाही. पहिल्या दिवशी रेतीत दोनदा पडली. दोन्ही वेळा आम्ही दार उघडून धावलो, पण आम्ही पोहोचेपर्यंत ती उठून हसत होती. क्लचचा लिव्हर फिरला होता, मोडला नव्हता. ह्यांची छाती दोन इंच फुगली.

दुसऱ्या दिवशी एन सहारोनीमच्या बाजूला गेलो. मकतेशची ही सर्वांत खोल जागा. लव्हाळी, बोरू उगवलेले, पाण्याच्या कडेला पक्षी. जवळच नबाती लोकांच्या सरायचे अवशेष. उंटांचे तांडे जिथे उतरायचे तिथे आम्ही चपात्या, बटाट्याची भाजी आणि आंब्याचं लोणचं काढून बसलो. परत येताना एका बाभळीखाली मागचं चाक बसलं. आपल्याकडच्या बाभळीसारखाच इथलाही काटा, बोटाएवढा, चांगल्या जाड ट्यूबच्या आरपार.

ह्यांनी सतरंजी अंथरली. दोघांनी चाक काढलं, टॉमी घालून टायर सोडवला, ट्यूब बाहेर काढली. हे काहीच बोलत नव्हते, नुसतं हातात हवी ती वस्तू देत होते. पोर ट्यूब घासत होती. घासता घासता तिने बोलायला सुरुवात केली. कोण होता, कुठे लागलं होतं, टूर्निके बांधायला किती वेळ लागला, हेलिकॉप्टर कधी आलं. नाव सांगितलं. त्याची आई नंतर भेटायला आली होती ते सांगितलं. सोल्युशन सुकलं, ठिगळ बसलं, तरी ती बोलतच होती. आम्ही काही विचारलं नाही, उपदेश केला नाही. नर्सला एवढं कळतं की पू आपोआप वाहतो तेव्हा दाबायचं नसतं. जावई जीपमागे जाऊन उगाच दोऱ्या सोडून बांधत राहिले. शेवटी तिनेच विचारलं, "सवता, तुझं कधी असं झालं?" आम्ही सांगितलं, झालं. आणि आमच्याही दोन-तीन गोष्टी सांगितल्या, ज्या घरी कधी कोणाला सांगितल्या नव्हत्या. मग ह्यांनी पंप तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "चल, हवा भर."

त्या रात्री तळावर उघड्यावर झोपलो. २०१७ पासून रामोनला अंधाऱ्या आकाशाचं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, म्हणजे तारे दिसावेत म्हणून दिवे जपून लावतात. लहानपणी नवगावला मामांच्या अंगणात दिसायचे तेवढे तारे दिसले. नात रात्रभर शांत झोपली. आमचं म्हणाल तर म्हातारपणी झोप कमीच, आम्ही तारे मोजत राहिलो.

तिसऱ्या दिवशी अजून एक फेरी मारण्याचा बेत होता. सकाळी हवामान खात्याने पश्चिमेकडच्या डोंगरांवर पावसाची शक्यता सांगितली. आमच्या डोक्यावर आकाश निळंभोर होतं. तरी गाशा गुंडाळून काठावर आलो. इथे हे नीट लक्षात ठेवा: पूर आपल्या डोक्यावरच्या ढगातून येत नाही, लांबच्या डोंगरावरून येतो. २६ एप्रिल २०१८ रोजी नाखल त्साफीतमध्ये अशाच पुराने दहा तरुण मुलांचा जीव घेतला. कोरड्या वादीत तंबू ठोकायचा नाही आणि पावसाचा इशारा असेल तर वादीत उतरायचंच नाही. मुलं कुरकुर करतील, करू द्यावी.

नात आता महिन्यातून एकदा जाते. एकटी कधीच नाही, हा आमचा आणि तिचा करार. निघण्याआधी वाट आणि परतायची वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावते, कारण आत पुष्कळ जागी मोबाईल लागत नाही. सोबत मिलुईममधल्या दोन मैत्रिणी असतात. त्यांच्याही गाड्या आता आमच्याच बिल्डिंगखाली उभ्या असतात आणि ह्यांचा दवाखाना तेजीत आहे. लेक अजून धास्तावते, पण हल्ली डबा तीच भरून देते. परवा ह्यांनी नातीला विचारलं, मुंबईला कधी गेलीस तर काय बघशील? म्हणाली, आलिबागपासून रेवदंड्यापर्यंत आतल्या वाटेने फटफटीवरून जाईन, तेलाचे घाणे कुठे होते ते बघत. आम्ही पत्ते लिहून ठेवायला घेतले आहेत.

ज्यांना रामोनला जायचं असेल त्यांनी पुरीम ते पेसाख किंवा सुक्कोतनंतरचे दिवस निवडावेत. गुडघे दुखणाऱ्यांनी जीपमध्ये बसावं, काही बिघडत नाही. आणि घरातलं तरुण माणूस गप्प असेल तर त्याच्या हातात एखादा पाना द्यावा आणि आपण शेजारी चहा घेऊन बसावं.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.